टाळेबंदी नेमकी कशासाठी होती, आणि ती उठवण्याची वेळ कशावरून ठरवायची?

अर्धविराम

नमस्कार. महाविद्यालयीन वादसभेसाठी विद्यार्थ्यांची तयारी करून घेण्याचे काम माझ्याकडे आहे आणि या वेळचा विषय कोविडच्या महासाथीतील टाळेबंदी हा आहे. परवा तयारी चालू असताना एका विद्यार्थिनीने फळ्यावर एकाखाली एक असे दोन आकडे लिहिले. वरचा आकडा एका देशात टाळेबंदी लागली त्या दिवशीच्या नव्या रुग्णांचा आणि खालचा ती उठली त्या दिवशीचा होता. खालचा वरच्याच्या कित्येक पट होता. मग खडू ठेवून तिने विचारले, की रुग्ण थोडे असताना लोकांना घरात बसवायचे आणि रुग्ण वाढल्यावर दारे उघडायची, हा कुठला न्याय? मी काहीबाही सांगून वेळ मारून नेली, पण माझे उत्तर माझे मलाच पटलेले नाही.

माझी अडचण अशी आहे, की त्या काळात 'आलेख सपाट करणे', 'साखळी तोडणे' आणि 'लस येईपर्यंत थांबणे' हे तीन शब्दप्रयोग एकाच अर्थाने वापरले जात होते, आणि आता मागे वळून पाहताना ते तीन वेगवेगळे हेतू असावेत असे वाटते. हेतू वेगळे असतील, तर टाळेबंदी उठवण्याची योग्य वेळही प्रत्येकासाठी वेगळी असणार. ती वेळ कशावरून ठरवायची, रोजच्या रुग्णसंख्येवरून, मृत्यूंवरून, रिकाम्या खाटांवरून की त्या बहुचर्चित आर-संख्येवरून (म्हणजे एक बाधित माणूस सरासरी किती जणांना संसर्ग देतो त्यावरून), हे कोणी नीट उलगडून सांगेल का? कोणते सरकार चुकले आणि कोणते बरोबर होते, ही धुळवड कृपया इथे नको.

दशांश

आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न उत्तम आहे, पण ज्या दोन आकड्यांची ती तुलना करते आहे ते एका जातीचे नाहीत. साथीच्या आरंभी चाचण्यांची सोय इतकी तुटपुंजी असते, की बाहेरून आलेले प्रवासी आणि अत्यवस्थ रुग्ण यांच्यापलीकडे फारसे कोणी तपासले जात नाही. त्यामुळे वरचा आकडा हा खऱ्या संसर्गाचा एक लहानसा कोपरा असतो. शिवाय तो आजचा नसतोच. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच दिवस, मग माणूस तपासणीला जाईपर्यंत दोन-तीन दिवस, आणि अहवाल येऊन नोंद होईपर्यंत आणखी एक-दोन दिवस जातात. म्हणजे सकाळच्या वर्तमानपत्रातला आकडा हा आठ-दहा दिवसांपूर्वीच्या संसर्गाचा असतो, आणि २०२० च्या मार्चमध्ये अनेक देशांत रुग्णसंख्या साधारण तीन दिवसांत दुप्पट होत होती. शंभर बाधित तीन दिवसांनी दोनशे होतात तेव्हा कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. त्याच गतीने तीस दिवसांत दहा वेळा दुप्पट होऊन ते एक लाखावर जातात. म्हणून बंद करताना आकडा किती आहे याला फारसे महत्त्व नसते, तो किती वेगाने फुगतो आहे हे पाहावे लागते.

आता हेतूंकडे वळू. साखळी तोडणे म्हणजे संसर्ग जवळजवळ शून्यावर आणणे. न्यूझीलंडने हेच ध्येय ठेवले: २५ मार्च २०२० च्या रात्री सर्वांत कडक असा चौथा स्तर लागू केला आणि ८ जूनच्या मध्यरात्री पहिल्या स्तरावर येऊन देशांतर्गत बहुतेक सर्व निर्बंध उठवले. हे ज्याला साधायचे आहे त्याला सीमा घट्ट बंद ठेवाव्या लागतात आणि पुन्हा रुग्ण सापडला की लगेच पाऊल उचलावे लागते. १०२ दिवसांच्या शांततेनंतर ऑगस्टमध्ये ऑकलंडमध्ये नवे रुग्ण सापडले आणि त्या शहरात पुन्हा कडक निर्बंध आले. आलेख सपाट करणे हे वेगळे ध्येय आहे. त्यात संसर्ग होणार हे गृहीत धरलेले असते, फक्त सगळे एकाच महिन्यात आजारी पडू नयेत आणि रुग्णालये कोलमडू नयेत एवढीच अपेक्षा असते. तिसरे ध्येय वेळ मिळवण्याचे. त्या वेळात चाचण्या, खाटा, औषधे आणि पुढे लस उभी करायची असते.

आलेख सपाट केल्याने 'तेवढेच लोक, फक्त उशिरा' आजारी पडतात असा एक सार्वत्रिक समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. एक बाधित माणूस सरासरी अडीच जणांना संसर्ग देत असेल, तर साधारण ६० टक्के लोक प्रतिकारक्षम झाल्यावर साथ उतरणीला लागते. पण साथ मोकाट सुटलेली असेल, तर त्या ६० टक्क्यांच्या क्षणी इतके लोक एकाच वेळी बाधित असतात, की उतरणीवरही ती पसरत राहते आणि साध्या गणिती प्रतिकृतीनुसार अखेरीस जवळपास ८९ टक्क्यांपर्यंत पोचते. मधले २९ टक्के हे निव्वळ वेगाचे बळी. म्हणून लस कधीच येणार नसती, तरीही वेग कमी करण्याला अर्थ होता.

आर-संख्येविषयी सविस्तर पुढे लिहितो, कारण वेळ ठरवण्याचे मर्म तिच्यात आहे आणि तिच्याविषयीचे गैरसमजही तितकेच आहेत.

उत्तररात्र

मी त्या काळात एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून काम करत होते. दशांश यांनी आकड्यांच्या विलंबाविषयी लिहिले आहे, तो विलंब आमच्याकडे कसा दिसायचा ते सांगते. प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर तीन तारखा असायच्या: लक्षणे केव्हा सुरू झाली, नमुना केव्हा घेतला, अहवाल केव्हा आला. पहिली आणि तिसरी यांत दहा-बारा दिवसांचे अंतर पडलेले मी कितीदा पाहिले आहे. प्रकृती खालावण्याचा काळ बहुधा लक्षणांच्या दुसऱ्या आठवड्यात येई, आणि जे वाचत नसत ते त्यानंतरही बरेच दिवस व्हेंटिलेटरवर असत. त्यामुळे बाहेर नव्या रुग्णांचा आकडा उतरू लागला आहे म्हणून लोक सुटकेचा श्वास टाकत असत, त्या आठवड्यात आमच्या खाटा सर्वांत जास्त भरलेल्या असत. मृत्यूंचा आकडा तर त्याहून मागे रेंगाळतो. मृत्यू कमी झाले की उघडा, असे जर ठरवले, तर उघडायला उशीर होतो. मृत्यू वाढले की बंद करा असे ठरवले, तर बंद करायला त्याहून घातक उशीर होतो.

रिकाम्या खाटांच्या आकड्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. खाट म्हणजे लोखंडी पलंग नव्हे. त्या खाटेमागे ऑक्सिजनची नळी लागते आणि चोवीस तास तिच्याकडे पाहणारी माणसे लागतात. पोटावर झोपवलेल्या रुग्णाला पुन्हा पाठीवर वळवायचे म्हटले, तरी चार-पाच जण लागत. त्यातला एक जण फक्त श्वासनलिकेतली नळी हातात धरून उभा असे. आमच्याकडे कागदावर सहा खाटा रिकाम्या दिसत होत्या त्या दिवशी विभागातल्या पाच जणी स्वतःच बाधित होऊन घरी होत्या. त्या सहापैकी खऱ्या रिकाम्या किती, हा हिशेब कोणत्याही तक्त्यात नव्हता.

आणि 'वेळ मिळवून काय मिळाले' असे विचारणाऱ्यांना मी एकच उदाहरण देते. डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध गंभीर रुग्णांचे प्राण वाचवते, हे ब्रिटनमधील रिकव्हरी या औषधचाचणीतून १६ जून २०२० रोजी जाहीर झाले. व्हेंटिलेटरवरील रुग्णांत मृत्यूचे प्रमाण त्याने सुमारे एकतृतीयांश आणि केवळ ऑक्सिजनवर असलेल्यांत सुमारे एकपंचमांश कमी होत होते. जो रुग्ण मार्चऐवजी जुलैमध्ये आजारी पडला, त्याचा आजार तोच होता, पण त्याच्यावर उपचार करणारी आम्ही माणसे तीच राहिलो नव्हतो.

पानगळ

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण दोन्हींत टाळेबंदीच्या खर्चाची बाजू आलेली नाही, आणि वादसभेत ती आली नाही तर वाद एकतर्फी होईल. 'टाळेबंदी' हा शब्द मराठीत मूळचा कारखान्याच्या फाटकावरचा. मालकाने टाळे ठोकले की कामगाराची चूल बंद. महासाथीत हा शब्द सगळ्या समाजाला लागू झाला तेव्हाही झळ कोणाला किती बसली, याची वाटणी त्या जुन्या अर्थाला धरूनच झाली. ज्याचे काम संगणकावर होते तो घरी बसून पगार घेत राहिला. ज्याचे काम हातापायांचे होते त्याचे उत्पन्न त्याच दिवशी थांबले. युनेस्कोच्या नोंदींनुसार शाळाबंदीच्या शिखरावर जगभरात दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थी वर्गाबाहेर होते. त्यांच्या नुकसानीचा आकडा रोज सायंकाळी दूरचित्रवाणीवर दाखवला जात नव्हता, एवढ्यावरून ते नुकसान लहान ठरत नाही.

दुसरा मुद्दा असा, की लोक घरी बसले ते केवळ हुकूम निघाला म्हणून नव्हे. अमेरिकेत मोबाइलच्या स्थाननोंदींवरून झालेल्या २०२० मधील एका अभ्यासात असे दिसले, की दुकाने आणि तत्सम ठिकाणी जाणाऱ्या ग्राहकांची संख्या सुमारे ६० टक्क्यांनी घटली होती आणि त्या ६० पैकी जेमतेम ७ सरकारी निर्बंधांच्या खात्यावर टाकता येत होते. बाकीची घट भीतीची. याचा अर्थ दुहेरी आहे. टाळेबंदीच्या समर्थकांनी साथ उतरल्याचे सगळे श्रेय हुकमाला देऊ नये, आणि विरोधकांनी अर्थव्यवस्था बुडाल्याचा सगळा दोषही हुकमावर टाकू नये. हुकूम मागे घेतला म्हणून भीती मागे जात नाही, आणि घाबरलेला ग्राहक उघड्या दुकानातही शिरत नाही.

स्वीडनचे उदाहरण कोणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो. त्या देशाने २०२० च्या वसंतात सक्तीची टाळेबंदी केली नाही, आणि त्या वर्षी तिथले मृत्यू लोकसंख्येच्या प्रमाणात नॉर्वे, फिनलंड आणि डेन्मार्क या शेजाऱ्यांपेक्षा बरेच जास्त होते. मात्र २०२० ते २०२२ या तीन वर्षांतील नेहमीपेक्षा अधिक झालेल्या मृत्यूंचा एकत्र हिशेब केला, तर अनेक अंदाजांत स्वीडन युरोपातील कमी हानी झालेल्या देशांत मोडतो. दोन्ही वाक्ये खरी आहेत. वादसभेत बहुधा प्रत्येक बाजू यांतले एकच वाक्य उच्चारते.

अर्धविराम

सर्वांचे मनापासून आभार. पानगळ यांच्या प्रतिसादामुळे माझा मूळ प्रश्न अधिक टोकदार झाला आहे. टाळेबंदी महाग असते आणि तिचा उपयोग वेळ मिळवण्यासाठी असतो, हे मान्य केले, तर ती एक दिवसही जास्त चालू नये आणि एक दिवसही आधी उठू नये. हा दिवस ओळखायचा कसा? चाचण्यांत बाधित निघण्याचे प्रमाण 'दोन आठवडे पाच टक्क्यांखाली' राहावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष मी वाचला आहे, पण पाचच का, आणि दोनच आठवडे का, हे मला समजलेले नाही.

दशांश

नेमका एक दिवस असा नसतोच. पण तो कुठल्या पट्ट्यात असतो हे मात्र सांगता येते. राहिलेली आर-संख्या आधी घेतो. आर १ च्या वर असेल तर साथ वाढते, खाली असेल तर ओसरते, इथवर सर्वांना ठाऊक असते. जे ठाऊक नसते ते असे, की १ च्या किती खाली यावर सगळा खर्च अवलंबून असतो. एका बाधिताकडून दुसऱ्याकडे संसर्ग जायला पाच दिवस लागतात असे धरू. आर ०.७ असेल तर नव्या बाधितांची संख्या दहा दिवसांत निम्मी होते, आर ०.९ असेल तर त्यालाच महिन्याहून अधिक काळ लागतो. अर्धवट, सैल, सवलतींनी पोखरलेली टाळेबंदी ही दिसायला सौम्य असते, पण तिची मुदत तिप्पट होते. पानगळ यांनी ज्या खर्चाविषयी लिहिले आहे तो मला वाटते कडकपणापेक्षा या लांबणीने जास्त वाढतो.

वरच्या बाजूलाही हेच. जर्मनीच्या तत्कालीन चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी १५ एप्रिल २०२० रोजी पत्रकारांसमोर हे गणित मांडले होते: आर १.१ झाला तर रुग्णालयांची क्षमता ऑक्टोबरमध्ये संपेल, १.२ झाला तर जुलैमध्ये, आणि १.३ झाला तर जूनमध्येच. (राज्यकर्त्याने दशांश चिन्हानंतरच्या एका अंकावर एवढा वेळ बोलावे, याचे मला माझ्या टोपणनावामुळे विशेष कौतुक आहे.) टाळेबंदी उठल्यावर माणसे भेटणार, म्हणजे आर वाढणारच. तो ०.७ वर असताना उठवली तर १ च्या आत राहण्यासाठी थोडी मोकळी जागा असते, ०.९५ वर असताना उठवली तर मुळीच नसते.

आता पाच टक्के आणि दोन आठवडे. शंभर चाचण्यांमागे किती बाधित निघतात, हे प्रमाण साथ किती आहे यापेक्षा आपण तिला किती शोधतो आहोत हे जास्त सांगते. प्रमाण वीस टक्के असेल तर चाचण्या फक्त उघड आजाऱ्यांच्याच होत आहेत आणि रुग्णसंख्येचा आकडा विश्वासार्ह नाही, असे समजायचे. ते पाचाखाली गेले, म्हणजे जाळे पुरेसे रुंद टाकलेले आहे, आता आकडा कमी दिसला तर तो खरोखर कमी आहे. पाच हा काही निसर्गनियम नव्हे. तो व्यवहारात उपयोगी पडणारा उंबरठा आहे. आणि दोन आठवडे अशासाठी, की उत्तररात्र यांच्या केसपेपरवरील पहिली आणि तिसरी तारीख यांच्यातले अंतर तेवढे असते. त्याहून कमी काळ पाहिला तर आपण टाळेबंदीच्या आधीच्याच संसर्गाकडे पाहत राहतो. एक सावधगिरी: सुट्टीच्या दिवशी चाचण्या कमी होतात, म्हणून दैनिक आकड्याकडे न पाहता सात दिवसांची सरासरी पाहावी.

सर्वांत बोलका निकष मात्र मला जर्मनीनेच ठरवलेला वाटतो. ६ मे २०२० रोजी निर्बंध सैल करताना तिथे असे ठरले, की एखाद्या जिल्ह्यात सात दिवसांत लाख लोकसंख्येमागे ५० हून अधिक नवे रुग्ण झाले तर तिथे पुन्हा निर्बंध आणायचे. हे ५० खाटांवरून किंवा मृत्यूंवरून आलेले नव्हते. त्याहून अधिक रुग्ण झाले तर स्थानिक आरोग्य कार्यालयाला प्रत्येकाचे संपर्क शोधून काढणे झेपणार नाही, यावरून ते ठरले होते. मला वाटते, आपल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. टाळेबंदी एक काम करत असते: बाधित माणसाला इतरांपासून दूर ठेवण्याचे. कोण बाधित आहे हे माहीत नसल्यामुळे ती सर्वांनाच एकमेकांपासून दूर ठेवते. हेच काम दुसरे कोणी नेमकेपणाने करू लागले, म्हणजे बाधित कोण आणि त्याच्या संपर्कात कोण आले हे एक-दोन दिवसांत शोधून तेवढ्यांनाच घरी थांबवता येऊ लागले, की सर्वांना कोंडण्याचे कारण उरत नाही. दक्षिण कोरियाकडे ही यंत्रणा २०१५ मधील मर्स या श्वसनरोगाच्या साथीनंतर उभी राहिली होती, म्हणून २०२० मध्ये त्यांना देशव्यापी टाळेबंदी करावीच लागली नाही.

उलट उदाहरण हाँगकाँगचे. दोन वर्षे तिथे संसर्ग कमालीचा मर्यादित होता, लसही उपलब्ध होती. परंतु २०२२ च्या आरंभी ओमायक्रॉन पोचला तेव्हा ऐंशीच्या पुढच्या वयाचे बहुसंख्य लोक लसीविना होते, आणि मृत्यू प्रामुख्याने त्यांच्यात झाले. वेळ भरपूर मिळाला होता.

उत्तररात्र

उघडताना क्रम कोणता, हेही विद्यार्थ्यांना विचारायला सांगा. वॉशिंग्टन राज्यातील एका गायकवृंदाचा सराव १० मार्च २०२० रोजी अडीच तास चालला. ६१ जण होते, त्यांतले ५३ आजारी पडले आणि दोघांचा मृत्यू झाला. बंद खोली, मोठ्याने गाणे, बराच वेळ. हे तीनही जिथे एकत्र येत नाहीत, त्या जागा पुष्कळ आधी उघडता आल्या असत्या. मोकळी मैदाने आणि बागा बंद ठेवण्याचे कारण मला तेव्हाही कळले नव्हते. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० पासून लहान मुलांच्या शाळा आधी उघडल्या. अन्यत्र अनेक ठिकाणी मद्यालये आधी उघडली आणि शाळा नंतर.

पानगळ

क्रमाइतकेच दोन पायऱ्यांमधले अंतर महत्त्वाचे. सगळे एकदम उघडले, की वाढ झाल्यास ती कशामुळे झाली हे कळत नाही. ब्रिटिश सरकारने इंग्लंडसाठी २२ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर केलेल्या आराखड्यात चार पायऱ्या होत्या आणि प्रत्येक दोन पायऱ्यांमध्ये किमान पाच आठवडे: चार आठवडे परिणाम आकड्यांत दिसेपर्यंत, आणि एक आठवडा लोकांना व दुकानदारांना आधी कळवण्यासाठी. त्या पाचव्या आठवड्याचे मला कौतुक वाटते. शेवटची पायरी २१ जूनची होती. विषाणूच्या डेल्टा या प्रकारामुळे ती १९ जुलैवर गेली. जाहीर तारीख पुढे ढकलण्याची तयारी असेल तरच तारीख जाहीर करावी.

आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ विसरू नका. अमेरिकेत फिलाडेल्फियाने २८ सप्टेंबरला प्रचंड मिरवणूक होऊ दिली. सेंट लुईसने ऑक्टोबरच्या आरंभीच गर्दीच्या जागा बंद केल्या. शिखराच्या आठवड्यातील मृत्युदर फिलाडेल्फियात सेंट लुईसच्या सुमारे आठपट होता. पण त्याच सेंट लुईसने नोव्हेंबरच्या मध्यास निर्बंध सैल केले आणि दुसरी लाट ओढवून घेतली. पहिला निर्णय बरोबर घेणाऱ्यांचाही दुसरा चुकू शकतो.

अर्धविराम

आज हे सगळे प्रतिसाद वर्गात वाचून दाखवले. त्या विद्यार्थिनीने फळ्यावरचे दोन आकडे पुसले नाहीत, त्यांच्या उजवीकडे आणखी एक रकाना आखला: त्या त्या दिवशी, नव्या रुग्णांपैकी किती जणांचे संपर्क दोन दिवसांत शोधले जात होते. तो रकाना अजून रिकामा आहे. आकडे शोधायला तिने तीन देश निवडले आहेत, आणि ती आता टाळेबंदीच्या बाजूने बोलणार की विरोधात, हे तिने मला अजून सांगितलेले नाही.